वादात हशा पिकला आणि ताण उतरला: तुमचे अनुभव सांगा

महालकर:
काल नागपुरात मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहिली. काळी 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, गर्दी तीच. एका बडग्याच्या (टोमणे मारणाऱ्या पुतळ्याच्या) पाटीवर दोन विरुद्ध पक्षांचे कार्यकर्ते शेजारी उभे राहून पोट धरून हसत होते. मला आजी आठवली. आजोबा कट्टर विदर्भवादी, पुण्याचे व्याही अखंड महाराष्ट्रवाले. पंगत बसली की 1953 चा नागपूर करार (विदर्भाला महाराष्ट्रात आणण्याचा) निघायचा, आवाज चढायचे. एकदा आजी पुरणपोळी घेऊन आली नि म्हणाली, "व्याहीबुवा, तुम्ही अखंडवाले, तुम्हाला अख्खी. ह्यांना वेगळं पाहिजे, ह्यांचं ताट वेगळ्या खोलीत!" आजोबाच आधी हसले. मतं दोघांचीही बदलली नाहीत, पण जेवण गरम असताना झालं. तुमच्याकडे असं कोण आहे? लिहा.

गोरेवाडा:
2022 ची दिवाळी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण. वहिनी सातव्या महिन्यात. आईनं सुरी, सुई सगळं लपवलं. धाकटा भाऊ रमण विज्ञान केंद्रवाला, तो चिडला. फक्त डोळ्यांना जपायचं, बाळाला काही होत नाही, हे तो ओरडून सांगत होता, म्हणून आई अजूनच हट्टाला पेटली. वहिनी म्हणाली, "आई, सुरी ह्यांना द्या. ग्रहणात पुरुषांनी भाजी चिरू नये असं कुठं लिहिलं नाही नं?" आई फिस्सकन हसली. दादानं वांगी चिरली. संध्याकाळी आईच ग्रहणाचा चष्मा लावून गच्चीत!

मेथीआलू:
चातुर्मासात वांगी?? आता ह्यावर वाद 😄

गोरेवाडा:
आमच्याकडे चालतात हो

सावनेरकर:
बाबा अंधश्रद्धा निर्मूलन समितीसोबत गावोगाव जायचे (1982 मध्ये नागपुरातच सुरू झालेली). जिभेवर कापूर जाळून दाखवायचे, मग पोरांना म्हणायचे, "झालो नं मी बी महाराज? आणा दक्षिणा!" लोक हसायचे नि मग आपणहून विचारायचे, हे होते कसं. बाबांचं एकच पक्कं, बुवाची खिल्ली उडवा, त्याच्यापाशी गेलेल्या बाईची नाही. तिच्या घरी पोरगं आजारी असते.

निळीशाल:
सावनेरकर, शेवटचं वाक्य फार खरं. ऑफिसात आमच्यावर "गंमत" करणारे भेटतात, ती टोचते. पण घरातली वेगळी. आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होती. घरातले देव निघाले, पणजीनं एक पिठाच्या डब्यात लपवला. आजोबा संतापले. आजी म्हणे, "आत्याबाई, देव पिठात ठेवला, आता भाकरी बी तोच थापीन का?" पणजी हसता हसता रडली, म्हणे. दोन दिवसांनी स्वतःच काढून दिला. आजीनं तिला घाई केली नाही, ह्याचं मला आजही कौतुक वाटतं.

मेथीआलू:
वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. आजी आहेत का?

निळीशाल:
नाहीत. त्यांच्या हातची भाकरी अजून कोणाला जमली नाही.

कुकरची_शिट्टी:
घाईत लिहून राहिली, पोरगी शाळेतून येईल. आमचं दार दक्षिणेला. नणंद दर वेळी म्हणे, तोडा. सासरे म्हणाले, "तोडतो बाई, पण तू ह्याच दारातून आली हायेस, तुले कुठून आत घेऊ?" तेव्हापासून ती विषयच काढत नाही. दार तेच आहे. मेथीआलू, वांग्याची रेसिपी टाक गं, चातुर्मास नंतर पाहू.