विषय: शनिवारची हाइक: द लॉकवरून परत का फिरलो?

नमस्कार मंडळी,

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला शनिवार फार सुंदर गेला. हाइक नेणाऱ्या ताई आणि मंडळाच्या सहल समितीचे मनापासून आभार. ग्लेशियर गॉर्जच्या पार्किंगवरून निघून अल्बर्टा फॉल्सचा धबधबा, मग ती वळणं-वळणांची चढण, आणि वर पोचल्यावर द लॉक या तळ्याचं पाणी. काठावर वाकलं तर तळाशी फिरणारे ट्राउट मासे एकेक करून मोजता येत होते.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. परतताना शटलमध्ये आणखी चौघांच्या तोंडून तेच ऐकलं, म्हणून सगळ्यांसमोरच विचारतो. आम्ही पुढचे लोक सव्वाअकराला द लॉकवर होतो. स्काय पाँड हे वरचं तळं तिथून जेमतेम दीड मैल. डोक्यावर आभाळ निळंशार. तरी ताईंनी सगळ्यांनाच परत फिरवलं. आणि चार वाजता गाड्यांपाशी पोचलो तोवर पावसाचा थेंबही पडला नाही. पार्कात गाडी नेण्याचं परमिट मिळावं म्हणून आदल्या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ८च्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आम्ही. ज्यांचे पाय चालत होते, त्यांना तरी पुढे जाऊ द्यायला काय हरकत होती?

रागावून लिहीत नाही, ताई. खरंच समजून घ्यायचं आहे.

आपला,
निळ्या टोपीवाला (पुढच्या गटातला)

---

उत्तर:

निळ्या टोपीवाल्या मित्रा,

सगळ्यांसमोर विचारलंस ते उत्तमच केलंस. शटलमध्ये कुजबुज होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आधी आभाळाचं बोलू. द लॉक ज्या दरीत आहे, तिच्या पश्चिमेला कॉन्टिनेंटल डिव्हाइडचे, म्हणजे खंडाचं पाणी पूर्व-पश्चिम विभागणाऱ्या डोंगरधारेचे, कडे उभे आहेत. उन्हाळ्यातली वादळं बहुतेक वेळा याच धारेवर तयार होतात आणि पूर्वेकडे, म्हणजे आपल्याच अंगावर, सरकतात. तिथे बसून तुला जे निळं आभाळ दिसत होतं ते पूर्वेचं आणि माथ्यावरचं. पश्चिमेचं आभाळ त्या दरीतून दिसतच नाही, कडा आड येतो. ढग दिसेपर्यंत तो डोक्यावर आलेला असतो. मी सगळा वेळ कड्याच्या माथ्याकडे बघत होते. अकराला तिथे काही नव्हतं. सव्वाअकराला एक पांढरं टोक वर आलं आणि साडेअकरापर्यंत ते फुलकोबीसारखं फुगलं. असा उभा वाढणारा ढग दिसला की मला पुढचं काही बघायचं नसतं.

जुलै-ऑगस्टमध्ये इथेही मान्सून असतो. दक्षिणेकडून बाष्प येतं, सकाळच्या उन्हाने उतार तापतात, हवा वर चढते आणि दुपारी त्याचा गडगडाट होतो. म्हणून तर दुपारच्या आत झाडांच्या रेषेखाली या, असं रेंजर कानीकपाळी ओरडून सांगतात. जुलै २०१४मध्ये याच पार्कात लागोपाठ दोन दिवस वीज पडून एकेक माणूस गेला. त्यातली दुसरी घटना तर ट्रेल रिज रोडवर, रेनबो कर्व्हच्या पॉइंटवर घडली. गाड्या लावून लोक फोटो काढतात ना, ती जागा.

पाऊस आला नाही हे खरं आहे, पण निर्णय साडेअकराला घ्यायचा होता. चार वाजताचं आभाळ तेव्हा माझ्या हातात नव्हतं. पुन्हा तसाच ढग दिसला तर पुन्हा परत फिरवीन.

आता वाटेचं. त्या दीड मैलात टिंबरलाइन फॉल्स आहे हे तू लिहिलं नाहीस. धबधब्याच्या कडेने ओल्या खडकावर हातपाय लावून चढावं लागतं. ते अंतर थोडंसंच आहे, पण शनिवारी तिथे चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची एकाच घळीत रांग लागते. आपल्या चालीने आपण बाराच्या सुमारास घळीखाली, एकच्या पुढे स्काय पाँडवर, आणि दोनच्या आसपास पुन्हा त्याच ओल्या दगडांवर असतो, तेही उतरताना. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि वाटेवरची सगळ्यात वाईट जागा एकत्र आली असती.

तिसरी गोष्ट, जिच्यामुळे सगळ्यांनाच फिरवलं. आपल्यात एकीचं डोकं दुखायला लागलं होतं आणि मळमळत होतं. द लॉक १०,००० फुटांच्या वर आहे. एवढ्या उंचीवर एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्केच असतो. सह्याद्रीत ट्रेक केलेले लोक इथे फसतात ते यामुळेच. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. ग्लेशियर गॉर्जचं नुसतं पार्किंगच २,८०० मीटरच्या वर. पायांत कितीही दम असला तरी रक्ताला या हवेची सवय व्हायला दिवस लागतात, आणि दोन दिवसांपूर्वी विमानातून उतरलेल्या माणसाला ती नसते. त्रास सुरू झाला की आणखी चढायचं नाही, आणि वाढत असेल तर खाली उतरायचं. हाच उपाय. वरून फोनला रेंज नाही. मी त्यांच्याबरोबर उतरले असते तर तुमच्याबरोबर वाट माहीत असलेलं कुणी नव्हतं, आणि तुमच्याबरोबर आले असते तर त्या एकट्या उतरल्या असत्या. गट म्हणून निघालो होतो, गट म्हणूनच परतलो.

तुझी हळहळ मला कळते. स्काय पाँडवर ते शार्कस्टूथचे सुळके पाण्याच्या अगदी वर उभे असतात. मलाही ते तुम्हा सगळ्यांना दाखवायचे होते.

ताई
सहल समिती

---

उत्तर:

सर्वांना नमस्कार,

ती मीच. लिहायला थोडा संकोच वाटत होता, पण ताईंचं पत्र वाचून राहवलं नाही.

नव्या लोकांना उपयोग होईल म्हणून सांगते. दम लागतो हे मला माहीत होतं, पण हे निराळंच होतं. आधी टोपी घट्ट झाल्यासारखं वाटलं. टोपी काढली तरी कपाळाभोवतीचा पट्टा तसाच. मग पाणी नको वाटायला लागलं, आणि कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचा कंटाळा. ताईंनी ते माझ्या आधी ओळखलं. पुढचे लोक दिसेनासे होत होते तेव्हा त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला पुढे घालून माझ्या चालीने मागच्या सगळ्यांना चालवलं. अल्बर्टा फॉल्सपर्यंत उतरलो आणि डोकं निम्मं हलकं झालं. पार्किंगपाशी तर मी गप्पा मारत होते.

आणि एक सांगू का? उतरताना त्या दगडांच्या राशीपाशी मला टेकायला बसवलं, तिथे पिका दिसला, सशाच्या जातकुळीतला. मुठीएवढा जीव, गोल कान, तोंडात त्याच्या अंगाएवढी गवताची जुडी, मधूनच एक पिवळं फूल लोंबतंय. दगडाखाली गेला, रिकाम्या तोंडाने बाहेर आला, पुन्हा गेला. मुलीने सांगितलं की तो हिवाळाभर झोपत नाही, हेच वाळवलेलं गवत खाऊन बर्फाखाली राहतो. पुढे गेलेल्या कुणालाच तो दिसला नव्हता.

ताई, एक विचारायचं आहे. यजमानांना गुडघ्यामुळे चढ जमत नाही. त्यांना पुढच्या वेळी कुठे नेता येईल?

काकू

---

उत्तर:

काकू, तुम्ही बऱ्या आहात हे वाचून बरं वाटलं. तुमचा त्रास आम्हा पुढच्यांना तेव्हा कळलाच नव्हता. कळला असता तर पत्राचा सूर वेगळा असता.

ताई, पश्चिमेच्या आभाळाचं पटलं. ते मला अजिबात माहीत नव्हतं. पण माझं एक म्हणणं मी सोडत नाही: आपण निघालोच उशिरा. साडेआठला वाटेच्या सुरुवातीला पाय ठेवला तर स्काय पाँड होणार नाही, हे आधीच दिसत होतं. ग्लेशियर गॉर्जला नेणाऱ्या बेअर लेक रस्त्याचं आरक्षण पहाटे ५पासून लागतं, त्याआधी गेट ओलांडलं तर परमिटचीही गरज नाही. आणि ग्लेशियर गॉर्जचं ते एवढंसं पार्किंगही तेव्हाच मिळतं. साडेचारला गेट आणि पाचला चालायला सुरुवात केली तर नऊच्या आत स्काय पाँड, बाराच्या आत खाली.

आम्ही पाच-सहा जण तयार आहोत. मंडळाच्या नावाने अशी वेगळी हाइक ठेवाल का?

निळ्या टोपीवाला

---

उत्तर:

हो, ठेवू. उशिराबद्दल तुझं बरोबर आहे. पण मंडळाच्या खुल्या हाइकला लहान मुलं आणि नुकतेच आलेले आई-वडील असतात, त्यांना पहाटे तीनला उठवून न्यायचं नाही, हे मी बदलणार नाही. म्हणून दोन वेगळ्या हाइक करू.

स्काय पाँडची सप्टेंबरमध्ये. वादळं तोवर कमी होतात, पण पहाटे घळीतल्या दगडांवर बर्फाचा पातळ थर असू शकतो, तेव्हा बुटांचे तळवे झिजलेले असतील तर येऊ नका. आठपेक्षा जास्त माणसं नकोत. वाट माहीत असलेले दोघे हवेत, एक पुढे, एक मागे. परत फिरण्याची वेळ आदल्या दिवशी ठरेल आणि वर गेल्यावर तिच्यावर चर्चा होणार नाही. हेडलॅम्प प्रत्येकाचा स्वतःचा. आणि इथे आल्याला आठवडा तरी झालेला हवा. तू पुढे चालशील का? मी मागे राहीन.

काकू, काकांना स्प्रेग लेकला नेऊ. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, मैलभरही नाही, व्हीलचेअरसुद्धा जाते, आणि जागोजागी टेकायला बाकं आहेत. उंची ८,७०० फुटांच्या आसपास, त्यामुळे हवेचा त्रासही कमी. सकाळी लवकर गेलो तर वारा नसतो आणि डिव्हाइडची सगळी रांग पाण्यात दिसते. सप्टेंबरच्या शेवटी एल्क या मोठ्या हरणांचा माजाचा काळ असतो, नरांची ती लांबलचक शीळ गाडीतूनही ऐकू येते. पार्काचा नियम एल्कपासून ७५ फूट लांब राहण्याचा आहे, मूस (आणखी मोठं हरीण) आणि अस्वलासाठी १२० फूट. मुलांना आधीच सांगून ठेवा.

दोन्हीसाठी नावं मला वेगळी मेल करून कळवा, इथे उत्तर देऊ नका. कोण कुठल्या हाइकला येणार आणि कुणाच्या गाडीत जागा आहे, तेवढं लिहा. स्प्रेग लेकही बेअर लेक रस्त्यावरच आहे, त्यामुळे दिवसा जाणाऱ्यांना परमिट लागेलच. ते गाडीमागे असतं, माणसामागे नाही. १ तारखेला हुकलं तर आदल्या संध्याकाळी ७ला उरलेली परमिटं सुटतात, ती मी बघेन.

ताई