दहा मिनिटांत पालक नियंत्रण? या एकदा आमच्या घरी

तळ्यातमळ्यात
परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं: 'जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिन (घरचा सिनेमांचा संग्रह टीव्हीवर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाका, पोरांचं वेगळं खातं काढा, वयाची मर्यादा लावा. दहा मिनिटांचं काम. हेही जमत नसेल तर पोरं बिघडल्याची रडगाणी गाऊ नका.' खाली वाहवांची रांग. तेव्हापासून डोक्यात जातंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

वयाची मर्यादा लागू पडते ती सिनेमापुढे सेन्सॉर प्रमाणपत्राची नोंद असेल तर. जेलीफिन ही माहिती उचलतं टीएमडीबी या सिनेमांच्या ऑनलाइन माहितीकोशावरून, आणि तिथे हौशी लोकांनी भरली असेल तेवढीच असते. आमच्याकडच्या बहुतेक जुन्या मराठी सिनेमांपुढे तो रकाना कोरा. 'नोंद नसलेलं बंद' अशी खूण केली की पोराच्या खात्यातून मराठी जवळपास गायब, आणि हाणामारीचा, अमेरिकेत पीजी-१३ (तेराखालच्यांसाठी पालकांना सावधगिरीचा इशारा) शिक्का मिळालेला डब सिनेमा दिमाखात हजर! खूण काढली की रान मोकळं. त्यात २०२३ च्या कायदादुरुस्तीने आपल्या यूए प्रमाणपत्राचे तीन भाग झाले: ७+, १३+, १६+. मग जुना नुसता 'यूए' कुठल्या खणात टाकायचा?

शिवाय टीव्ही एक नाही. हॉलमधला, आमच्या खोलीतला, आणि साताऱ्याला आई-बाबांकडचा. पोरगा बसतो तो आजोबांचं खातं उघडं असतं तिथे. सत्तरी पार केलेल्या माणसाला रिमोटने एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकायला लावा, मग दहा मिनिटं कशाला म्हणतात ते कळेल. आजोबा, आत्या, आम्ही दोघं यांचं आधी एकमत होत नसेल तर ते सेटिंग निव्वळ शोभेचं.

सर्व्हरबाबा
ते महाशय मीच. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

वयाच्या मर्यादेला धरून बसलातच कशाला? मुलांच्या सिनेमांचं वेगळं फोल्डर करा, त्याची वेगळी लायब्ररी बनवा, पोराच्या खात्याला तेवढीच दाखवा. प्रमाणपत्र असो वा नसो. वेळेचं बंधनही तिथेच आहे, रात्री आठनंतर खातं उघडतच नाही. आजोबांचं खातं उघडं राहतं यात सॉफ्टवेअरचा काय दोष?

कोकणमेवा
बाबा, फोल्डर वगैरे ठीक. पण डीएलएनए, म्हणजे घरातल्या टीव्हीला सर्व्हरवरचे सिनेमे थेट दाखवायची सोय, बंद केलंय का? ते चालू असलं की टीव्हीचा स्वतःचा प्लेयर समोर कोण बसलंय हे विचारतच नाही. आमच्याकडे पोरगी त्याच वाटेने आत शिरली होती. नवऱ्याला कौतुकच वाटलं!

मोरपीस
सगळे सर्व्हरला कुलपं लावताय, आणि त्याच टीव्हीवर शेजारच्या चौकोनात यूट्यूब सताड उघडं आहे. माझा मुलगा सिनेमा बघतच नाही. कुणीतरी खेळणी उघडतंय ते तासभर बघतो. त्यावर कोणाकडे फोल्डर आहे का?

जुना_गडी
मुळात मराठी सिनेमाला ही बंधनं हवीत कशाला? आम्ही जत्रेत तंबूत दादा कोंडके बघितले, आजीच्या मांडीवर बसून. आजी पदर तोंडाला लावून हसायची, आम्ही तिच्याकडे बघून हसायचो. बिघडलो का?

डॅलसकर
तुम्ही बिघडला नाहीत, कारण तुम्हाला काही कळलं नव्हतं. माझ्या मुलीला कळतं. इथे तिचं मराठी राहावं म्हणून हौसेने संग्रह लावला, तर गणपतीला आलेल्या वीसेक लोकांसमोर तिने त्यातला एक द्व्यर्थी संवाद हावभावांसकट म्हणून दाखवला. वर विचारते, 'बाबा, सगळे का हसले?'

जुना_गडी
मग सांगायचं ना! दादांचे सिनेमे एकापाठोपाठ रौप्यमहोत्सवी झाले, ते काय चोरून बघणाऱ्यांमुळे? अख्खी घरं बैलगाड्या जोडून यायची. तुमच्या अमेरिकेत गोळीबार चालतो, बनियनवर मात्र आक्षेप.

मोरपीस
जुना गडीकाका, आजी पदराआड हसत होती. त्या पदराचाही विचार करा जरा. घरातल्या बायकांनी अवघडून बसायचं आणि पुरुषांनी त्याला 'आपली रांगडी संस्कृती' म्हणायचं, हे आम्ही पुष्कळ पाहिलंय.

जुना_गडी
माझ्या आजीवर घसरू नका. ती एकटीने शेती करायची, कोणाला भ्यायची नाही. हसू आलं म्हणून हसायची.

डॅलसकर
आजीबद्दल आदर आहे. पण एका गडीमाणसाला सगळ्या जगाच्या आज्या आपल्या आजीसारख्याच वाटतात, याला काय करावं?

तळ्यातमळ्यात
धागा टीव्हीचा आहे, तंबूचा नाही.

सर्व्हरबाबा, वेगळ्या लायब्ररीचं पटलं. लिहून ठेवा तारीख. पण मग एकेक सिनेमा हाताने निवडून हलवायचा, म्हणजे आधी आम्ही दोघांनी बसून ठरवायचं, आणि सासऱ्यांनी त्यावर वाद घालायचा. झाली का दहा मिनिटं? साताऱ्याचं तर अजून सुरूही झालं नाही. आमचा ब्रॉडबँडवाला एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतो, बाहेरून सर्व्हर दिसतच नाही.

सर्व्हरबाबा
टेलस्केल टाका, दोन्हीकडे. दोन घरांतली यंत्रं इंटरनेटवरून एकाच खाजगी जाळ्यात जोडतं ते. साताऱ्याच्या टीव्हीवर अँड्रॉइड असेल तर अ‍ॅप मिळतं. तुमचा अपलोड वेग मात्र तपासा, एचडीला आठ-दहा एमबीपीएस तरी सलग हवा.

दहा मिनिटं खात्याची म्हटलं होतं. तुमच्या सासऱ्यांची नव्हे. ते धरून दोन वर्षं म्हणा, माझी हरकत नाही.

पैशाचा_पाऊस
जेलीफिनऐवजी तसंच काम करणारं प्लेक्स घ्या आणि सुटा. बायको, पोरं, सासरे सगळ्यांना कळतं.

कोकणमेवा
घ्या म्हणे! एप्रिल २०२५ मध्ये आजीवन पासाची किंमत १२० डॉलरवरून थेट २५०, आणि घराबाहेरून बघायचं तर तेही तेव्हापासून पैसे टाकून. आपल्याच डिस्कवरचा आपलाच सिनेमा आपल्याच सासूला दाखवायला भाडं!

पैशाचा_पाऊस
मी आधीच घेतला होता, १२० मध्ये. 😌

कोकणमेवा
मग नावाप्रमाणे बोललात.

जुना_गडी
आता भांडण नको. माझ्याकडे मराठी सिनेमांच्या व्हीसीडी पडून आहेत, आतमध्ये नुसत्या डॅट फाइली दिसतात. हे जेलीफिन त्या घेतं का? नातवासाठी विचारतोय.

सर्व्हरबाबा
डॅट म्हणजे आत एमपीईजी-१ हा जुन्या पद्धतीचा व्हिडिओच असतो. व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून बघा, चालली तर एमपी४ करून घ्या. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचंच राहणार, पंचावन्न इंची टीव्हीवर नायिकेचं नाक शोधावं लागेल. चकती ओरखडलेली असेल तर आधी डिस्कवर उतरवून घ्या, लावून लावून बघत बसू नका.

डॅलसकर
आणि काका, कुठल्या फोल्डरमध्ये टाकणार ते आधी सुनेला विचारा.

जुना_गडी
विचारलंय. ती म्हणाली, पहिली मी बघणार.