जुना लाकडी बुद्धिबळाचा संच घ्यावा का? आणि वाचनालयाच्या फिरत्या पेटीसाठी काय घ्यावं?

शहापूर_गल्ली:
नमस्कार मंडळी. गल्लीतल्या वाचनालयात पुस्तकांसारखेच बुद्धिबळाचे संच घरी द्यायचं ठरलंय. शनिवारी न्यायचा, पुढच्या शनिवारी परत, हीच आमची फिरती पेटी. पोरं ८ ते १५ वयाची, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची. बजेट एकूण ८,००० रुपये, त्यात आठ संच बसवायचे आहेत.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. जुन्या फर्निचरच्या एका दुकानात लाकडी संच आहे. राजा ९५ मिमी उंच, बूड ३८ मिमी. सोंगट्या ३२ पूर्ण, पण एका घोड्याचा कान तुटलाय आणि दोन प्यादी दुसऱ्याच संचातली वाटतात. काळ्या सोंगट्यांच्या कडा घासून आत पिवळट लाकूड दिसतं. तीन सोंगट्या हलवल्या की आत खडखडतात. पांढऱ्या राजाच्या बुडाला कडेपासून मधोमध चीर. दुकानदार म्हणतो, "इंग्रजांच्या काळातला, अस्सल आबनूस," आणि ९,००० मागतो. त्याच्याकडे लाल-पांढरा लहान संचही आहे, तो हस्तिदंती म्हणतो. दोन्हींबद्दल जाणकारांनी सांगावं. हा संच घेतला तर वाचनालयाच्या पैशातून नाही, स्वतःसाठी.

खडेबाजार_६४:
दुकानदाराचं ऐकण्याआधी सोंगटी उलटी करा. संचाचं वय आणि लायकी बुडाशी कळते.

आबनूस आतपर्यंत काळा असतो, कडा कितीही घासली तरी पिवळं लाकूड दिसत नाही. म्हणजे तुमच्या काळ्या सोंगट्या रंगवलेल्या आहेत. एवढ्यावरून संच नवा ठरत नाही हेही लक्षात घ्या, कारण जुन्या काळीही स्वस्त संचांत फिकट लाकूड काळं रंगवत. पुढची परीक्षा लोहचुंबकाची. बुडाला चुंबक चिकटला तर आत लोखंडाचा तुकडा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या संचांत वजनासाठी शिसं असायचं, त्याला चुंबक चिकटत नाही. लोखंड निघालं तर बहुधा अलीकडचा, अमृतसरकडच्या कारखान्यांतला माल. तो वाईट नसतो, तिथे उत्तम काम होतं, पण त्याला 'इंग्रजांच्या काळा'चा भाव द्यायचा नाही.

आपण ज्याला स्पर्धेचा संच म्हणतो तो स्टाँटन घडणीचा. नॅथॅनियल कुक यांनी ही घडण १ मार्च १८४९ रोजी नोंदवली आणि लंडनच्या जॉन जॅक्स यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात ती बाजारात आणली. हॉवर्ड स्टाँटन या त्या काळच्या नामांकित खेळाडूचं नाव तिला दिलं. तेव्हा स्टाँटन संच १८४९ पूर्वीचा असूच शकत नाही. जॅक्सच्या पांढऱ्या राजाच्या बुडाच्या कडेवर 'जॅक्स लंडन' असा ठसा असतो आणि राजाच्या बाजूच्या हत्ती-घोड्यांवर छोटा मुकुट. ठसा नंतरही मारता येतो, म्हणून नुसत्या ठशावर भुलू नका. ठशाच्या खाचेत जुना मळ आणि पॉलिश बसलंय का, की खाच ताजी, स्वच्छ आहे, ते भिंगातून पाहा.

सगळ्यांत जास्त वेळ घोड्यावर घालवा. राजा, उंट, हत्ती, प्यादी लेथवर उतरतात, घोड्याचं डोकं मात्र हाताने कोरावं लागतं, म्हणून संचाच्या किमतीतला मोठा वाटा घोड्याचा. चारही घोडे शेजारी ठेवा. आयाळीच्या खाचा मोजा, जबड्याखाली पटाशी नीट फिरली आहे का बघा, दात कोरलेत की नुसती रेघ ओढलीय ते पाहा. एका हाताचे चार घोडे भावंडांसारखे दिसतात, थोडेसे वेगळे तरी एका घरातले. एक जरी परका वाटला तर तो बदललेला आहे.

मापं मात्र ठीक आहेत. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) शिफारशीप्रमाणे राजा ९.५ सेंमी आणि बूड उंचीच्या ४० ते ५० टक्के. तुमचं बरोब्बर ४० भरतं. पटाचं घर ५० ते ५५ मिमी घ्या. सोपी कसोटी अशी की एका घरात चार प्यादी मावली पाहिजेत.

निपाणी_पट:
फक्त हस्तिदंताबद्दल लिहितो, कारण यात पैसे जाण्यापलीकडचा धोका आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही. वस्तू शंभर वर्षांची असली तरी खरेदी-विक्रीला सूट नाही. "आजोबांच्या वेळचा आहे" हे उत्तर चालत नाही. खरा निघाला तर हात लावायचा नाही. खोटा निघाला तर हस्तिदंताचे पैसे का द्यायचे?

ओळख बुडाच्या सपाट कापावर होते. हाडात बारीक तपकिरी-काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंतात ठिपके नसतात, आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते. दोन्ही नसेल आणि पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत असेल तर बहुधा प्लॅस्टिक. तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, ते करू नका. खुणा कायमच्या राहतात आणि जुनं सेल्युलॉइड (पूर्वीच्या काळचं प्लॅस्टिक) असेल तर पेट घेतं.

आपल्याकडच्या जुन्या आकृतींच्या संचांत एक गफलत होते, तीही सांगून ठेवतो. बंगालात बहरामपूरला एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारची फौज एका बाजूला आणि देशी फौज दुसऱ्या बाजूला असे संच कोरत. त्यांत अंबारीतला हत्ती हा बहुधा राजा किंवा वजीर असतो, कोपऱ्यातला हत्ती नव्हे. असा संच 'अपुरा' म्हणून टाकून देण्याआधी सोंगट्या उंचीप्रमाणे लावून बघा.

उद्यमबाग_लेथ:
खडखड आणि चीर, दोन्हींचं मूळ एकच. लाकूड पावसाळ्यात फुगतं, फाल्गुन-चैत्रात आकसतं. आतलं धातूचं वजन ना फुगत ना आकसत. वजन घट्ट ठोकून बसवलं असेल तर उन्हाळ्यात आकसणारं लाकूड धातूवर ताणलं जातं आणि बूड कडेकडून फाटतं. सैल बसवलं असेल तर डिंक सुटतो आणि तुकडा आत वाजतो.

खडखडणाऱ्या सोंगट्यांच्या बुडाला चिकटवलेलं कापड काढा. गरम पाण्यात पिळलेला फडका दोन मिनिटं धरला की जुना सरस सुटतो. वजन बाहेर काढा, गंज घासा. नवं करायचं तर माइल्ड स्टीलच्या सळईचे तुकडे लेथवर पार्टिंग टूलने (तुकडे कापायच्या हत्याराने) पाडून घ्या. राजाला २० मिमी व्यास आणि १२ मिमी लांबी म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, प्याद्याला १४ बाय १० म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. भोक वजनापेक्षा व्यासाने १ मिमी मोठं हवं. इपॉक्सीचा एकच थेंब मधोमध, आणि भोवतालच्या फटीत सिलिकॉन सीलंट, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. सीलंट न्यूट्रल प्रकारचा घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून अॅसिड सुटतं आणि लोखंड गंजतं. शिशाला तर त्याहून वाईट, त्यावर पांढरी पावडर धरते. शिसं निघालं तर कोरडं घासू नका, हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा.

कापड १ ते १.५ मिमी जाडीचं, बुडापेक्षा चहूबाजूंनी अर्धा-एक मिमी आत. फेव्हिकॉल लाकडाला लावायचा, कापडाला नाही. भिजलेलं कापड आखडतं. राजाच्या चिरेत इपॉक्सी भरा आणि विसरून जा. वरून अळशीचं तेल चोळलं की संच झळकतो.

खानापूर_सागवान:
वजनाचं सगळं मान्य. पण उद्यमबागवाले मामा, चीर इपॉक्सीने भरायची आणि तेल चोळायचं, ह्या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

चीर मार्चमध्ये सगळ्यांत रुंद असते. तेव्हा कडक इपॉक्सी भरली की जून-जुलैत लाकूड फुगतं, पण चिरेला मिटायला जागाच उरत नाही. कडा चेचतात आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी चीर पडते. त्यापेक्षा मधमाशीचं मेण त्याच रंगात मिसळून भरा. ते दबतं, सरकतं, खराब झालं तर काढता येतं. अळशीचं तेल फिकट लाकूड पिवळं करतं, महिनाभर चिकट राहतं आणि हाताचा मळ धरतं.

स्वच्छ करण्याआधी पॉलिश ओळखा. बुडाजवळ न दिसणाऱ्या जागी कापसाला स्पिरिट लावून टेकवा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, मग स्पिरिट लांब ठेवायचं. कापूस काळा झाला तर रंग वरवरचा आहे, तिथे पाणीही बेताने. मऊ ब्रश, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेला कापूस, लगेच कोरडं फडकं, शेवटी मेणाचा अगदी पातळ हात.

घरी आणण्याआधी सुईच्या अग्राएवढी भोकं आणि ताजी पिठूळ भुकटी दिसते का बघा. शिसवाच्या पांढऱ्या भागात लाकूडकिडा हमखास लागतो. शंका आली तर सोंगट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं.

शहापूर_गल्ली:
सगळ्यांचे आभार. आज दुकानात जाऊन आलो. चुंबक चिकटला. स्पिरिटचा कापूस काळा झाला. घोडे तीन एकसारखे, चौथा परका. लाल-पांढऱ्या संचाच्या बुडाला तपकिरी ठिपके आहेत. आता भाव काय करू? आणि पेटीचं राहिलंच.

खडेबाजार_६४:
ठिपके म्हणजे हाड. लाकडी संचात लोखंडी वजन, वरवरचा काळा रंग, परका घोडा, परकी प्यादी. जुन्याचा भाव विसरा. नवा चांगला लाकडी संच त्याहून कमीत मिळत असेल तर हा घेण्यात अर्थ नाही. तीन घोडे मनापासून आवडले असतील तर दुरुस्तीचा खर्च धरून निम्म्याच्या खाली मागा, नाहीतर सोडा.

पेटीसाठी लाकूड नकोच. हजारात एक याप्रमाणे घन प्लॅस्टिकचे संच आणि गुंडाळायचा व्हिनाइल पट घ्या, घर ५५ मिमी. ३४ सोंगट्यांचे बघा, म्हणजे जादा वजीर मिळतो. आठही संच एकाच साच्यातले हवेत, ही अट सोडू नका. सात फिरवा, आठवा सुटा ठेवा. पहिल्यांदा प्यादी हरवतात, ती आठव्यातून भरायची. रंग दुधी आणि काळा, चकाकी कमी. तपकिरी पटावर तपकिरी सोंगट्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. पुढे सांगली-कोल्हापूरच्या स्पर्धांना जाणाऱ्या पोरांचा हातही ह्याच मापावर बसलेला बरा.

खानापूर_सागवान:
सोंगट्या पटात गुंडाळून ठेवू देऊ नका. व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य प्लॅस्टिकच्या सोंगट्यांत उतरतं आणि दोन-तीन महिन्यांत त्या पटाला चिकटतात. सुती पिशव्या दोन, पांढऱ्यांची एक, काळ्यांची एक. पेटीत डांबरगोळ्याही नकोत. पट छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे उघडल्यावर कोपरे वर येत नाहीत.

पिशवीत कार्ड ठेवा, त्यावर अक्षरं नकोत, चित्रं काढा. आपल्या हत्तीला कन्नड पोरं आने म्हणतात, घोड्याला कुदुरे. चित्र दोघांना कळतं. चित्रापुढे आकडा: राजा १, वजीर २, हत्ती २, उंट २, घोडे २, प्यादी ८. कार्डाच्या मागे पूर्ण पिशवीचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. शनिवारी परत घेताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन जुळलं तर मोजायची गरज नाही, कमी भरलं तरच पिशवी ओता.

उद्यमबाग_लेथ:
मेणाचं पटलं, खानापूरवाले. इपॉक्सी वजनाखालच्या थेंबापुरतीच ठेवावी. शहापूरवाले, संच घेतलात तर सळईचे तुकडे पाडायला देण्याआधी प्रत्येक सोंगटीच्या भोकाची खोली व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मोजून कागदावर लिहा. जुन्या संचात दोन उंटांची भोकंसुद्धा सारखी नसतात.