जड सायकलस्वाराचे मागचे चाक: छत्तीस आरे की नीट विणलेले बत्तीस?

धागाकर्ता

वजन शंभर किलोच्या पुढे असलेल्या सायकलस्वाराला चाकाविषयी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'छत्तीस आऱ्यांचे घ्या'. हा सल्ला चुकीचा नाही, मात्र तो मुख्य प्रश्नाला बगल देतो, असे माझे मत आहे.

आरा सहसा एखाद्या खड्ड्यात एकाएकी तुटत नाही. चाकावर भार आला की जमिनीलगतच्या मोजक्या आऱ्यांचा ताण उतरतो आणि चाक पुढे सरकताच तो पूर्ववत होतो. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर ही चढउतार दर किलोमीटरला सुमारे पावणेपाचशे वेळा होते, आणि कालांतराने हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) कडेशी, जिथे आरा वळतो तिथे, धातूला शीण येऊन चीर पडते. त्यातही जे आरे मुळातच सैल राहिले आहेत ते खाली येताच पूर्ण ढिले पडतात, त्यांच्या निपल (आरा रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या चाक्या) हळूहळू फिरतात, शेजारच्या आऱ्यांवर जादा काम पडते आणि चाकात आऊट येतो, म्हणजे ते वाकडे फिरू लागते. यंत्रावर घाईने विणलेल्या (आरे गुंफून ताणलेल्या) चाकात असे सैल आरे बरेच आढळतात. म्हणून जड स्वाराने बत्तीस आऱ्यांचेच चाक घ्यावे, पण ते कुशल हाताने, ताणमापक लावून पुन्हा ताणून घ्यावे. एका बाजूच्या आऱ्यांना बोटाने छेडल्यावर सर्वांचा स्वर जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात कॅसेटमुळे, म्हणजे उजवीकडच्या दातेरी गिअरचक्रांच्या संचामुळे, दोन्ही बाजूंचे ताण वेगळे असतात, तेव्हा डाव्या आऱ्यांची तुलना डाव्यांशीच करावी.

मंदगती

धागाकर्त्यांनी कारण बरोबर सांगितले आणि निष्कर्ष उलटा काढला. ताण वाढवल्याने आरा ढिला पडण्यापासून वाचतो, हे मान्य. परंतु प्रत्येक फेऱ्यातली चढउतार त्यामुळे कमी होत नाही. ती कमी करणाऱ्या गोष्टी दोनच: भार वाटून घेणाऱ्या आऱ्यांची संख्या आणि तो भार अधिक आऱ्यांपर्यंत पसरवणारी कडक रिम. स्वार ११५ किलोचा आणि सामानासह सायकल १५ किलोची धरली, तर एकूण १३० किलोंपैकी साधारण साठ टक्के, म्हणजे ७५ ते ८० किलो, मागच्या चाकावर येतात, आणि हे सपाट रस्त्यावर, धक्के वगळून. दोन स्वारांच्या टँडेम सायकलींना चाळीस किंवा अठ्ठेचाळीस आरे देतात, ते विणणाऱ्यांना ताण देता येत नाही म्हणून नव्हे. चार जादा आऱ्यांचे वजन निपलांसह तीसेक ग्रॅम भरते. शंभर किलोच्या माणसाने तीस ग्रॅमसाठी घासाघीस करावी, याची मला गंमत वाटते.

शिवाय एक आरा तुटलाच, तर छत्तीसचे चाक थोडे डुगडुगत का होईना, घरी पोहोचवते. वीस-चोवीस आऱ्यांच्या चाकाची रिम तेवढ्यानेच ब्रेकला किंवा फ्रेमला घासू लागते.

धागाकर्ता

संख्येचा मुद्दा तत्त्वतः स्वीकारतो. तरीही शीण केवळ चढउतारीच्या आकारावर ठरत नाही. आरा वळवताना आणि चाक विणताना त्या वळणात जे अंतर्गत ताण शिल्लक राहतात, त्यांचाही त्यात मोठा वाटा असतो. विणून झाल्यावर समांतर आऱ्यांच्या जोड्या हाताने जोरात आवळल्या की ते ताण बऱ्याच अंशी निवळतात. ही पायरी गाळलेल्या छत्तीस आऱ्यांच्या चाकापेक्षा ती पाळलेले बत्तीसचे चाक मी केव्हाही निवडेन. आणि छत्तीस छिद्रांच्या नव्या रिम व हब दिवसेंदिवस कमी मिळतात, हा व्यवहारही पाहावा लागतो.

तिरपा आरा

दोघांनीही आऱ्याच्या जाडीचा विचार केलेला नाही. दणकट चाक म्हणजे सरसकट २ मिलिमीटर जाडीचे आरे, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना २ आणि मध्ये १.८ मिलिमीटर असलेला आरा अधिक टिकतो. मधल्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे १९ टक्के कमी असल्याने तो तेवढ्याच ताणाला जास्त लांबतो, आणि रिम खाली दबली तरी लवकर ढिला पडत नाही. वळणाशी २.३ मिलिमीटर जाड आणि मध्ये बारीक असे आरेही मिळतात. जड स्वाराच्या मागच्या चाकासाठी मी तेच सुचवीन. मात्र हबची छिद्रे त्यांना पुरेशी आहेत का, हे आधी तपासावे. ताणाबाबत एक इशारा: रिम बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा, जी बऱ्याचदा दर आऱ्याला १२० किलोच्या ताणाच्या आसपास असते, ओलांडली तर निपलच्या छिद्रांभोवती रिमलाच तडे जातात.

रमतगमत

आऱ्यांवर एवढा खल झाला आणि टायरचा विषय कोणी काढलाच नाही! शंभर किलोचा स्वार २५ मिलिमीटरच्या टायरवर बसला, तर त्याला ट्यूब वाचवण्यासाठी हवा दगडासारखी भरावी लागते आणि प्रत्येक धक्का थेट रिमला पोहोचतो. चाक वाचवायचे असेल, तर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर, शक्यतो ३५ ते ४० मिलिमीटरचा, घालावा आणि हवा त्याच्या रुंदीप्रमाणे कमी ठेवावी. माझ्या मते छत्तीस आऱ्यांपेक्षा याने अधिक फरक पडतो.

मंदगती

रुंद टायर धक्का शोषतो, स्वाराचे वजन नाही. गुळगुळीत रस्त्यावरही तेच ७५-८० किलो दर फेऱ्याला त्याच आऱ्यांवरून जातात, आणि शीण तिथेच साचतो. टायर रिमला पोचे पडू देत नाही, याबद्दल वाद नाही. आणि रुंद टायरमध्ये जुन्या सवयीने तेवढीच हवा भरली, तर रिमच्या कडांवर उलट जास्त जोर येतो, हेही लक्षात असू द्यावे.

'तिरपा आरा' यांची जाड वळणाची सूचना मला पटते, पण ती छत्तीसच्या जोडीने. धागाकर्त्यांना विचारतो: विणणारा तोच, काळजी तेवढीच, आणि दोन्ही रिम उपलब्ध असतील, तर मागे बत्तीसच घ्यायचे कारण काय?

धागाकर्ता

त्या अटींवर मागे छत्तीसच घेईन. पुढच्या चाकावर भार कमी असतो आणि कॅसेट नसल्याने दोन्ही बाजूंच्या ताणात मोठी तफावत नसते, म्हणून तिथे बत्तीसवरच ठाम आहे. आणि विणणारा भरवशाचा नसेल, तर मागेही माझे पैसे आधी विणकामावरच जातील.