सप्लाय उडाला की नुसतं बटण?

बी-२०३: नमस्कार. पोराचा डेस्कटॉप कालपासून सुरूच नाही होऊन राहिला. बटण दाबलं तर पंखाही फिरत नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, पॉवर सप्लाय (आत वीज पुरवणारा डबा) उडाला, नवीन टाका. खरंच असेल का जी?

सी-१०२: उन्हाळ्यात सगळीकडे कूलर लागले की व्होल्टेज वरखाली होतंच. सीताबर्डीच्या बाजारात मिळून जाईल नवीन.

ए-४०१: काकू, थांबा, पैसे नका घालवू अजून. समोरचं बटण सप्लायला जोडलेलंच नसतं. त्याच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर जातात. दाराच्या बेलसारखं आहे ते, दार आतल्यानेच उघडायचं. बटण दाबलं की बोर्ड सप्लायकडून येणारी हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला खेचतो, तेव्हा कुठे सप्लाय १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सोडतो. व्होल्टेज स्थिर झालं की सप्लाय करड्या वायरीवरून बोर्डाला तसं कळवतो, मगच प्रोसेसर काम सुरू करतो. बटण, बोर्ड, सप्लाय, कोणीही बिघडलं तरी बाहेरून दिसतं सारखंच. न पाहता फोनवर कसं सांगणार कोणी?

बाजूचं झाकण काढून बघा, बोर्डावर छोटा दिवा लागलाय का? बऱ्याच बोर्डांवर असतो.

बी-२०३: हिरवा लागला आहे. करंट येतोय तर मग बंद काहून?

ए-४०१: तो स्टँडबायचा, म्हणजे मशीन बंद असतानाही मिळणारा ५ व्होल्ट, जांभळ्या वायरीचा. प्लग लावलेला असेपर्यंत तो येतच राहतो. म्हणजे सप्लाय पूर्ण मेलेला नाही. आता प्लग काढा. बोर्डाच्या कडेला खालच्या बाजूला पिना आहेत, त्यावर ‘पॉवर एसडब्ल्यू’ (एसडब्ल्यू म्हणजे स्विच) लिहिलेला दोन पिनांचा कनेक्टर असेल. तो काढा आणि त्या जागी ‘रीसेट एसडब्ल्यू’चा लावा. उलटा लागला तरी चालतो, स्विचला प्लस-मायनस नसतं. मग प्लग लावून रीसेटचं बटण दाबा.

ए-६०२: आमच्या ऑफिसातल्या जुन्या कम्प्युटरला जाड खटका होता. विंडोज ९५ म्हणायचं, आता बंद करायला हरकत नाही, मग आपण हाताने खटका पाडायचा.

ए-४०१: बरोबर काका. त्या खटक्यातून थेट २३० व्होल्ट जायचे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे बोर्ड आणि सप्लायचं नवीन मानक आणलं, तेव्हापासून हे काम बोर्डाकडे आलं. म्हणून आता शटडाउन म्हटलं की मशीन स्वतःच बंद होतं.

सी-१०२: म्हणजे शटडाउन केलं तरी आत करंट असतोच? वीज कडाडत असली तर?

ए-४०१: असतोच. पावसाळ्याच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की प्लगच काढून ठेवायचा, इंटरनेटची केबलही.

बी-२०३: सुरू झाला!! पोरगा म्हणतो बटण आतून अडकलं होतं, दाबलं तरी टिक होत नव्हतं.

ए-४०१: छान! मग सप्लाय ठीक आहे. आता रीसेटचं बटणच पॉवरचं, पोराला एवढं सांगा की ते दाबून धरायचं नाही. साधारण ४ सेकंद धरलं की बोर्ड विंडोजला न विचारता बंद करतो, सेव्ह न केलेलं सगळं जातं. आणि सप्लायचा डबा घरी कोणी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या वर साठलेलं असू शकतं.