लेह ते अगत्ती: अंतर आणि वेळ

लेहहून लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर विमानाने पावणेचार तासांत पोचता येतं म्हणतात, पण तो कॅल्क्युलेटरचा हिशोब झाला, सरळ रेषेत साधारण २६५० किमी भागिले जेटचा स्पीड, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास, बास. पण अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किमीची, तिथे एटीआरसारखं छोटं, पंख्याचं विमानच उतरतं आणि ते ताशी ५०० च्या आसपास जातं, वर एवढा पल्ला एका दमात त्याच्याने होणारच नाही, शिवाय लेह ३२५० मीटरवर, हवा विरळ, दुपारी वारा सुटतो म्हणून बहुतेक फ्लाइट्स सकाळीच. तेव्हा लेह-दिल्ली-कोची-अगत्ती असं टप्प्याटप्प्याने जावं लागतं, नुसतं हवेतच सहा तास धरा, वर थांबणं वेगळं. कोचीत मुक्काम ठेवाच, आणि हो, लक्षद्वीपचं परमिट आधी काढा.