सागवानी फळीवर नवकंकरीचा पट

लालबागकर: चाळीतला जुना दरवाजा काढला, त्यातली सागवानाची फूटभर फळी मी उचलून आणलीय. लेकीसाठी नवकंकरीचा, म्हणजे दोघांनी सोंगट्या ओळीत तीन जुळवत खेळायच्या जुन्या खेळाचा, पट करायचाय. पेनाच्या रेघा पुसतील ना?

गिरगावची मावशी: पुसतीलच. गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावून कटरने चर पाडा, मग सोल्डरिंग आयर्नने जाळा. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडायचे, कोपरे नाही. 24 ठिकाणं होतात. पण थांबा, दरवाजाला जुना ऑइलपेंट आहे का? त्यात शिसं असू शकतं. सुका घासू नका, पाणी लावून घासा, मास्क लावा, लेकीला लांब ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे.

डोंबिवली फास्ट: सोंगट्या प्रत्येकी 9. लाकडी दांड्याच्या चकत्या कापा, नाहीतर चिंचोके आणि कवड्या.

लालबागकर: चिंचोकेच! आजीचा डबा भरलेला आहे.